कोरड्या उन्हाळ्यातला घाम

गल्लीत पुन्हा टँकर यायला लागलेत. ऊन तापायच्या वेळेला टँकर वळणावरून आत शिरतो आणि त्याच्या मागं रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटत येते. ती वाळायच्या आत पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया खाली उतरलेल्या असतात. मीही उतरते, पाइप ड्रमात सोडते. रिकाम्या ड्रमात पहिलं पाणी पडतं तेव्हा ढोल वाजल्यासारखा आवाज येतो. मग तो भरत, जड होत, शेवटी अगदी मऊ होऊन जातो. तो आवाज ऐकला की मला दरवेळी एकच उन्हाळा आठवतो.

तो उन्हाळा इथल्या सगळ्यांनाच आठवतो. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. धरणाचा तळ उघडा पडला होता. खेड्यांतल्या बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. कूलर होते, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं, म्हणून त्यांच्या गवतातून नुसता गरम वारा यायचा. आणि अशातही शहर वाढत होतं. बायपासच्या कडेला जिथं काल बाजरीची धसकटं होती तिथं आज प्लॉटिंगचे झेंडे. आमच्या गॅलरीसमोर एक उंच इमारत उभी राहत होती. तिच्यासाठी रोज वेगळा टँकर यायचा.

त्या उन्हाळ्यात मी आजारी पडले आणि त्याच उन्हाळ्यात उठले. पडण्याचं मला फारसं नवल वाटत नाही, पडणं कुणालाही जमतं. उठण्याचं मात्र इतक्या वर्षांनीही वाटतं.

आजार कसा आला ते मला सांगता येणार नाही. माझं डी.एड. झालं होतं आणि नोकरी लागली नव्हती. पण ती आमच्या वर्गातल्या बहुतेकींना लागली नव्हती आणि त्या हसत-खेळत नांदत होत्या. नवरा समजूतदार. लेक गुणी. जो तो विचारायचा, "पण झालंय काय तुला?" मी आत धुंडाळून बघायचे, हाताला काहीच लागायचं नाही. कारण सापडलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. कांदा चिरायला घ्यायचे आणि कांदा हातातच राहायचा. भाकरी तोंडात फिरायची, पण ती ज्वारीची की बाजरीची ते कळायचं नाही. लेकीच्या केसांना तेल लावताना पूर्वी मला तिच्या डोक्याचा उन्हासारखा वास यायचा, तोही येईनासा झाला. समोरची इमारत दर पंधरवड्याला थोडी थोडी वर जात होती आणि मी पलंगावरून तिच्याकडं बघत होते. विटा उठतात, सिमेंट उठतं, आपल्यालाच काय झालंय, असं वाटायचं.

एका दुपारी मनात आलं, आपण नसलो तर घरातलं रोजचं एक बादली पाणी वाचेल.

हा विचार मला तेव्हा भयंकर वाटलाच नाही, शहाणपणाचा वाटला. त्यातलं भयंकर मला कितीतरी पुढं कळलं. 

त्याच आठवड्यात आमच्या आत्याबाई राहायला आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सासरचं घराणं मेंढपाळाचं. सासरे नव्हते, धाकटा दीर मेंढरं राखायचा. त्या वर्षी रानात काडी उरली नव्हती. दिरानं अर्धी खांड, म्हणजे अर्धा कळप, विकला आणि उरलेली मेंढरं घेऊन तो नदीकाठच्या मुलखात चारायला निघाला. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून दत्ता त्यांना शहरात घेऊन आला. दत्ता माझा नवरा, वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र दत्ता लिहिते.

सगळा जन्म उघड्यावर काढलेली बाई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. पहिले दिवस त्या दारातच बसायच्या, चपलांजवळ. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "बरं हाय हितंच. वारं लागतं." वारं काही लागत नव्हतं. समोरच्या इमारतीच्या स्लॅबवर मजूर पाइपनं पाणी मारताना दिसले की त्या पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. "बया बया! भिताडाला पानी पाजतेत गं हे लोक!" एवढं बोलून दिवसभर गप्प. घरात आम्ही दोघी, एक दारात आणि एक पलंगावर. दोघींच्या मधे एक खोली आणि तिच्यात न बोललेलं सगळं.

त्यांना वाटायचं, मला बाहेरचं काही लागलंय. एकदा त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी विरोध केला नाही, विरोध करायलाही ताकद लागते.

मग एका संध्याकाळी ईश्वरीनं, आमच्या लेकीनं, तो प्रश्न विचारला. तेव्हा ती पहिलीत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. ती समोर येऊन बसली, माझे गाल दोन्ही हातांनी धरले आणि म्हणाली, "आई, तू घरी कधी येणार?"

दत्ता नुकताच कामावरून आला होता, बूट काढत होता. त्याचा हात बुटावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मनाच्या डॉक्टरकडं.

त्या दवाखान्याचा व्हरांडा मी विसरणार नाही. मला वाटलं होतं तिथं आरडाओरडा असेल, कुणी कपडे फाडत असेल. तिथं बाकावर माणसं बसली होती, बस स्टँडवर बसतात तशी. वर्दीतला एक पोलीस. हिरवा चुडा भरलेली नवी नवरी आणि तिची आई. पागोट्यातले एक म्हातारबा. कॉलेजचं दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी. मी बघतच राहिले. एवढी माणसं? ही सगळी माझ्यासारखी? मग इतके दिवस ही कुठं होती, आणि मी कुठं होते?

शेजारी बुरख्यातली एक वयस्क बाई होती. तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. "पैली बार आई क्या बेटी? डरना नक्को. मैं भी ऐसीच आई थी, मुंडी नीचे डाल के. अब देखो, मोहल्ले की शादियों में पूरा खाना मैंच पकाती." असं म्हणून ती स्वतःच हसली. तिच्या हाताला वेलचीचा वास होता. कितीतरी दिवसांनी मला कशाचा तरी वास आला.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी घाई केली नाही. त्यांना मी ते बादलीभर पाण्याचं सांगितलं. दत्ता शेजारी बसला होता, त्यानंही ते तेव्हाच ऐकलं. त्याचा चेहरा मी बघितला नाही, पण खुर्ची करकरली.

"तुम्ही आळशी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेड्या नाही, आणि कुणी तुम्हाला काही केलेलं नाही. आजारी आहात. गोळी सुरू करू. गुण यायला काही आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही. आणि तो पाण्याचा विचार पुन्हा आला तर त्याच क्षणी घरात सांगायचं आणि इथं निघून यायचं. वार, वेळ काही बघायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली.

"व्यायाम काही करता?"

"दोन मजले पाणी चढवते, डॉक्टर."

"ते काम झालं. ज्यातून घराला काहीच मिळत नाही, फक्त तुम्हाला मिळतं, असं काही करता?"

 असं काही असू शकतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या आईनं शेतात जन्म काढला, सासूनं रानात. आमच्याकडं बाईचं अंग कायम कशासाठी तरी हललेलं. नुसतं हलायचं म्हणून हलायचं?

"बाहेर जायची भीती वाटते म्हणता ना? नका जाऊ. घरातल्या घरात करा. थोडंच करा. आणि बोलता येत नसेल तर लिहा."

गोळ्यांनी पहिले दिवस झोप झोप व्हायची आणि तोंडाला कोरड पडायची. बाहेर दुष्काळ आणि तोंडात पण दुष्काळ! हे मी दत्ताला म्हटलं आणि तो हसला. मग थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला, कारण मी किती दिवसांनी काहीतरी गमतीचं बोलले होते. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्या आलं.

तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ बघणं सोपं नव्हतं, चाक नुसतं गरगर फिरत राहायचं. दत्तानं मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं. दुकानदारानं त्यात चार भजनं, लग्नाची गाणी आणि व्यायामाचा एकच व्हिडिओ टाकून दिला होता. त्यात एक तरतरीत पोरगी समुद्राच्या वाळूत उभी राहून हिंदीत व्यायाम शिकवायची. तिच्या मागं निळंशार पाणी, लाटा येतायत, जातायत.

मी फोन कपाटाला टेकवून उभा केला आणि समोर उभी राहिले. आत्याबाई दारातून उठून आत आल्या. कामाशिवाय, आल्यापासून पहिल्यांदाच. फोनच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. पोरीकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"हे कंचं धरन गं?"

"धरण नाही आत्याबाई. समुद्र आहे."

"एवढं पानी?" त्यांनी पडद्याला बोट लावलं, मग बोटाकडं बघितलं. "पलीकडचा काठ दिसंना की."

"दिसत नाही. लई लांब असतो."

"अन मग हे लोक हितं आनत कामून नाहीत?"

"ते पाणी पिता येत नाही. खारट असतं."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी थट्टा करतेय का ते तपासत होत्या. "एवढं पानी," त्या हळूच म्हणाल्या, "अन पेता येत नाय?" मग बराच वेळ त्या लाटा बघत बसल्या. ज्या बाईनं आयुष्यभर मेंढरांसाठी डबकी शोधली, ओढ्याच्या वाळूत हातानं झरे खणले, ती बाई माझ्या बोटभर पडद्यावर पहिल्यांदा समुद्र बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. मला समुद्र बघून कधी असं झालं नव्हतं. आत्याबाईंना बघून झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्या समुद्र बघायला यायच्या, आणि समुद्र बघायचा तर व्यायाम चालू करावा लागायचा. माझा व्यायाम असा नियमित झाला. सासूच्या समुद्रासाठी.

हळूहळू त्याही उभ्या राहायला लागल्या. नऊवारीचा काष्टा खोचून, कपाळभर कुंकू, हात आडवे. पडद्यावरची पोरगी सारखी म्हणायची, "इनहेल… एक्सहेल…"

"ही सारखं उन्हाळ उन्हाळ कामून म्हनती?" आत्याबाईंनी विचारलं. "आमाला म्हाईत नाय का उन्हाळा हाय त्ये?"

मी हसले. मोठ्यानं. हसू इतकं अनोळखी वाटलं की मीच दचकले. आत्याबाईंनी त्या पोरीला रागं भरायलाही सुरुवात केली. "थांब की बया जरा! म्हातारं मानूस हाय!" आणि पोरगी अर्थातच थांबायची नाही. तेलाचे रिकामे कॅन आम्ही पाण्यानं भरून घेतले होते, अडीनडीला लागेल म्हणून. तेच दोन्ही हातांत धरून वर-खाली करायचो. त्यांचे गुडघे वाकायचे नाहीत, म्हणून त्या खुर्चीत बसून करायच्या.

पण एक अडचण होती. घाम.

अंघोळीला अर्धी बादली पाणी. त्याच पाण्यानं मग फरशी पुसायची, तेच संडासात टाकायचं. अशा दिवसांत मुद्दाम घाम काढायचा म्हणजे मला चैन वाटायची, गुन्हा वाटायचा. एकदा मी मधेच थांबले. म्हटलं, "पुरे आत्याबाई. घाम आला की पुन्हा पाणी लागतं."

आत्याबाईंनी आपल्या पदरानं माझं कपाळ पुसलं आणि ओला झालेला पदर मला दाखवला. "हे बी पानीच हाय की. तुझ्या आंगात हाय म्हनून भायेर आलं."

मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. कानशिलावरून एक थेंब गळ्यापर्यंत आला, तो मी येऊ दिला. छाती धडधडत होती. ती मी महिनोन्‌महिने ऐकली नव्हती. मी कांद्याकडं, भिंतीकडं बघत बसले होते तेव्हाही ती अशीच चालू असणार. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दाद दिली नव्हती, तरी आपलं काम करत राहिली असणार. मला तिच्यापुढं हात जोडावेसे वाटले.

लिहायचं मात्र कुठं आणि कुणासाठी ते कळत नव्हतं. घरात एक जुना संगणक होता आणि मला मराठी टायपिंग येत होतं. नोकरीच्या आशेनं शिकले होते. आधी मी इंटरनेटवर शोधून बघितलं. माझ्या आजाराबद्दल इंग्रजीत ढिगानं लिहिलेलं होतं. मराठीत जे सापडलं ते एक तर पाठ्यपुस्तकासारखं, नाहीतर 'सकारात्मक विचार करा, सकाळी लवकर उठा' असं सांगणारं. उठताच येत नसेल तर काय करायचं, हे कुठंच नव्हतं.

म्हणून मी एक ब्लॉग सुरू केला. फुकटात मिळणारं इंटरनेटवरचं एक पान, कुणीही उघडून वाचावं असं. त्याला नाव दिलं 'घरातल्या घरात'. स्वतःचं नाव दिलं नाही. रोज दुपारी थोडं लिहायचे. सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा जाताना कुणाला सोबत न्यावं. डॉक्टरला काय काय सांगावं आणि त्यातलं काय सांगायला लाज वाटते. गोळ्या चालू असताना पहिले दिवस कसे जातात. शेजारणी काय म्हणतील आणि त्यांना काय म्हणावं. पाण्याचे कॅन हातात धरून करायचे व्यायाम. खुर्चीत बसून करायचे व्यायाम, हे आत्याबाईंचे. आणि एका दिवशी लिहिलं: पलंगावरून न उठता करायचा व्यायाम. त्यात एकच ओळ होती. 'एक पाय चादरीबाहेर काढा. झाला आजचा व्यायाम.'

माझं पान कोण वाचणार होतं? दत्ता वाचायचा, चहाच्या सुट्टीत, आणि घरी येऊन फक्त शुद्धलेखनाच्या चुका सांगायचा. तेवढंच बोलणं त्याला झेपायचं आणि मलाही.

मग एका दुपारी त्या पायाच्या ओळीखाली कुणीतरी दोन शब्द टाकलेले दिसले. नाव नव्हतं, नावाच्या जागी 'अनामित' असं आलं होतं. 'पाय काढला.'

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. आत्याबाईंना वाचून दाखवलं. "कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही दिलेलं."

"गाव?"

"गाव पण नाही."

"मग तिला हाक कशी मारावं?"

ती बाई आहे की पुरुष हेही मला माहीत नव्हतं, पण आत्याबाईंनी ठरवून टाकलं की ती पोरगी आहे. त्यांनी तिला नाव दिलं, चादरवाली. मी खाली उत्तर लिहिलं: 'शाब्बास. उद्या दुसरा पाय. आणि आज घरातल्या एका माणसाला सांगा.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'दोन्ही काढले. सांगायला कुणी नाही.'

त्यानंतर मी जे लिहिलं ते सगळं तिलाच लिहिलं. सांगायला कुणी नसेल तर दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसा, तिथं शेजारी कुणीतरी असतं, असं लिहिलं. फोनवर ऐकून घेणारी माणसं असतात, त्यांचे क्रमांक शोधून पानाच्या डोक्यावर लावून ठेवले. माझ्या बादलीभर पाण्याचा विचारसुद्धा लिहिला, जो तोवर मी डॉक्टर आणि दत्ताशिवाय कुणालाच सांगितला नव्हता. त्याच्या खाली अनामितनं लिहिलं: 'माझाही हिशेब असाच आहे.'

मग ती गप्प झाली.

मी तिच्यासाठी लिहिलं, हाका मारल्या, दवाखान्यात आजच जा म्हणून विनवलं. काही नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाट दाखवणं तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत. पुढचं सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका." मला ते पटलं, पण झेपलं नाही. सकाळी संगणक, दुपारी संगणक. आत्याबाई दारातून विचारायच्या, "आली का गं ती?" मी नाही म्हणून मान हलवायचे. मोजके नवे लोक येऊन वाचून जात होते, कुणी आभार मानत होतं, पण ती नव्हती.

आणि त्या वाट बघण्यात एका सकाळी मला उठवेना. जुनंच ओझं पुन्हा छातीवर येऊन बसलं. दत्ता पहाटेच्या शिफ्टला गेला होता. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आत्याबाई पलंगाशी आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"काय गं?"

 डॉक्टरीणबाईंचं आठवलं, त्याच क्षणी सांगायचं. "आत्याबाई, मला पुन्हा नकोसं वाटायलंय."

त्या घाबरल्या.  त्यांना काय करावं ते माहीत नव्हतं. मीठ-मोहऱ्या आठवल्या असतील, अंगारा आठवला असेल. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. माझ्या अंगावरची चादर थोडीशी वर सरकवली.

"तू तिला काय सांगितलं व्हतं? तूच सांगितलं नव्हं? काढ मग."

मी एक पाय बाहेर काढला. त्याला वारा लागला, गरमच, पण लागला. आत्याबाई तो पाय मांडीवर घेऊन चोळत बसल्या. मेंढरामागं चालून चालून भेगाळलेल्या आपल्या पायांकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं, आणि माझा पाय त्या लोण्याचा असल्यासारखा धरून बसल्या होत्या. दुपारी दत्ता आला, आम्ही दवाखान्यात गेलो, गोळीचं प्रमाण बदललं. असं पुन्हा होऊ शकतं, याचा अर्थ तुम्ही मागं गेलात असा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ते मी घरी येऊन लिहिलं. कुणी वाचो न वाचो.

पावसाळा आला तो गाजावाजा न करता. एक दिवस भिंती गार लागल्या, एवढंच. अशाच एका ढगाळ दुपारी मी पान उघडलं आणि तिथं अनामितचं लिहिलेलं होतं. दोनच शब्द.

"आत्याबाई, आली! ती आली!"

त्या गुडघे धरत धरत आल्या. "काय म्हनती?"

मी वाचून दाखवलं. "मी वाचले."

मला वाटलं, तिनं माझं लिहिलेलं सगळं वाचलं, असं ती सांगतेय. मी आनंदले होते, पण थोडी खट्टूही झाले. एवढंच? कशी आहे, कुठं होती, काहीच नाही?

आत्याबाईंनी मात्र दोन्ही हात कपाळाला लावले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वाचली गं माय माझी पोर! वाचली!"

मी पुन्हा पडद्याकडं बघितलं. मी वाचले. आत्याबाईंनी अक्षर कधी गिरवलं नव्हतं. त्यांच्या जगात वाचणं एकाच अर्थाचं होतं. लांडग्यातून कोकरू वाचतं, तापातून लेकरू वाचतं. मला शाळेत दुसरं वाचणं शिकवलं होतं आणि मला आधी तेच दिसलं. खरं कुठलं? ते आजतागायत मला कळलेलं नाही. त्यानंतर तिनं कधी काही लिहिलं नाही, आणि ती कोण, कुठली, याचा पत्ता मला लागला नाही. पण आपल्या भाषेनं हे दोन अर्थ एकाच शब्दात का ठेवले असतील, या विचारानं मी त्या दुपारी संगणकासमोर किती वेळ बसून होते कुणास ठाऊक. ईश्वरी शाळेतून आली आणि माझ्या मांडीवर चढली, तेव्हा तिच्या केसांना पावसाचा आणि खडूचा वास होता.

मग दिराचा फोन आला. गावाकडं गवताला हिरवं फुटलं होतं, तो मेंढरं घेऊन परत चालला होता. बायपासवरून जाणार होता. आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. "गुडघे?" मी विचारलं. "हायेत की," त्या म्हणाल्या. आम्ही थांबा म्हटलं, दत्तानं गाडी करून गावी सोडतो म्हटलं. त्या ऐकेनात. "थोडं चालते, मंग सामानाच्या घोड्यावर बसते. खांड समोर असल्यावर मी काय गाडीत बसू व्हय?"

आम्ही सगळे बायपासवर जाऊन उभे राहिलो. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, वर क्रेन, मधून ट्रक भरधाव. मी इतक्या मोठ्या रस्त्यावर त्या वर्षात पहिल्यांदाच आले होते आणि मला भीती वाटत नव्हती. हे नंतर माझ्या लक्षात आलं. लांबून आधी घुंगराचा आवाज आला, मग लोकरीचा ओला वास, मग मेंढरं आली. पांढरी, काळी, तांबूस, एकमेकांना चिकटून, रस्ताभर पसरलेली. अर्धीच राहिली होती, तरी मला ती संपेचना. दिरानं काठी आडवी धरून हात वर केला.

आत्याबाईंनी ईश्वरीचा मुका घेतला, माझ्या गालावरून बोटं मोडली आणि कळपात शिरल्या. मेंढरांनी त्यांना जागा दिली. माझ्या घरात चपलांजवळ बसणारी ती बाई चौपदरी रस्त्याच्या मधोमध ताठ उभी होती आणि तोंडानं कसलासा आवाज काढत होती, मी कधीच न ऐकलेला, खोल आणि गोड. त्या आवाजामागं सगळी खांड वळली.

एक ट्रक थांबला. त्याच्या मागं दुसरा, मग कंपनीची बस, मग सिमेंटचा फिरता मिक्सर, मग पाण्याचा टँकर. पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि हनुवटी स्टिअरिंगवर टेकवून तो बघत राहिला. शेवटचं कोकरू रस्ता ओलांडेपर्यंत कुणीही हॉर्न वाजवला नाही.